स्टेशनमास्तरची बोलती बंद

मला किळस फार लवकर येते, हे आधीच सांगून टाकते. बसमधला धरायचा दांडा, दुसऱ्याच्या घरातला टॉवेल, बेकरीतल्या बाईने बोटांनी उचलून दिलेला पाव, काहीही पुरतं. आमच्या किकिंडा गावात माणूस भेटला की गालाला गाल लावून तीनदा चुंबन घ्यायची रीत आहे. मी लांबूनच हात पुढे करते आणि घरी आले की तो हात धुते. हिवाळ्यात चौकातल्या झाडांवर घुबडं येऊन बसतात, शेकड्यांनी. बाहेरगावची माणसं फोटो काढायला येतात. येऊ देत बापडी. माझ्या नव्या कोटावर जे पडलं ते त्यांच्या फोटोत येत नाही. तेव्हापासून मी मागच्या गल्लीने जाते.

पण खरीखुरी किळस मला एकदाच आली, आणि ती घुबडांची नव्हती. ती इंजिनिअर ओस्तोयाची आणि त्याच्या मंडळाची. त्यांनी माझ्या भावाचं जे केलं त्याची.

माझा भाऊ मिलुतिन माझ्याहून थोरला. लहानपणीच त्याची नजर मंदावत गेली आणि दाढी करायचं वय झालं तेव्हा आरशाचा उपयोग राहिला नव्हता. त्याला झेमूनच्या आंधळ्यांच्या शाळेत घातलं. तिथून तो टेलिफोन ऑपरेटर होऊन आला आणि आमच्या विटा-कौलांच्या कारखान्यात फोनच्या खोलीत बसला. सगळा कारखाना त्याच्या आवाजाने जोडलेला होता. माणूस नुसता श्वास घ्यायचा, की हा म्हणायचा, "बोला, फोरमन, भट्टीवर जोडून देऊ का?" कोणाचं कोणाशी काय चाललंय हे त्याला सगळं ठाऊक असायचं. पण घरी येऊन एक शब्द सांगेल तर शपथ! मी खोदून खोदून विचारायची. तो म्हणायचा, "तार माझ्या हातातून जाते, सेको. ती माझी नसते." सेको म्हणजे बहीण. रागावला असला की तो मला पेर्सिदा म्हणतो.

मग कारखान्याने अशी यंत्रणा आणली जिला माणूस लागत नव्हता. मिलुतिन घरी आला तो स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळच्या खुर्चीत बसला, आणि बसूनच राहिला. लग्न त्याचं झालं नाही, माझं झालं आणि मोडलं, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. त्याचं सगळं वाचायचं काम माझ्याकडे. पेपर, औषधाच्या बाटल्या, विजेचं बिल, शाळेतल्या जुन्या मित्रांची पत्रं. आणि मी वाचते म्हणजे कशी, तर मध्ये मध्ये बोलते. निधनवार्ता वाचताना "हा? हा तर एक नंबरचा लबाड होता" असं तोंडातून जातंच. एकदा तो म्हणाला, "पेर्सिदा, मला पेपर वाच ना. सारखी स्वतःलाच काय वाचून दाखवतेस?"

मी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. त्याला बरंच वाटलं असणार.

आणि मग त्याच्या आयुष्यात लिनक्स आलं, म्हणजे लॅपटॉप चालवणारी ती फुकटातली प्रणाली, जिच्या आत काय आहे ते कोणीही उघडून बघू शकतं. शाळेतल्या एका मित्राने जर्मनीतल्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप पाठवला. पडद्यावर जे असेल ते यंत्र मोठ्याने वाचून दाखवायचं. आमच्याच भाषेत, पण नाकातून, सपाट, स्वल्पविरामसुद्धा उच्चारून. ऐकून माझं डोकं उठायचं. मिलुतिनने त्या आवाजाचं नाव ठेवलं स्टेशनमास्तर. सकाळी उठला की, "स्टेशनमास्तर, काय खबर?" आणि तो मेला सुरू, "तीन नवीन पत्रे पूर्णविराम."

मी कुरकुरत होते, पण एक सांगते. एक दिवस तो कानाला हेडफोन लावून बसला होता आणि फसकन हसला. मी विचारलं, "काय रे?" तो म्हणाला, "काही नाही." साठी उलटलेला माझा भाऊ, आणि "काही नाही" म्हणण्याजोगं त्याच्याकडे आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं. मी तोंड फिरवून बटाटे सोलत बसले.

त्या "काही नाही"चं नाव पुढे कळलं, यागोदा. सुबोतित्साची बाई, लिनक्सवाल्या आंधळ्यांच्या इंटरनेटवरच्या पत्रगटात भेटलेली. तिला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. डोळे जन्मापासूनच गेलेले, कान तरुणपणी तापात गेले. बोलता येतं, पण स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. तिच्याकडे टाचण्यांची एक पट्टी आहे, माऊथऑर्गनपेक्षा थोडी लांब. ती लॅपटॉपला जोडली की पडद्यावरची अक्षरं ब्रेलच्या टाचण्या होऊन वर येतात आणि ती बोटांनी वाचते. म्हणजे बघा, फोन करायचा तर तिला ऐकू येत नाही. कागदावर लिहायचं तर दोघांना दिसत नाही. त्या दोघांमध्ये रस्ता एकच होता, इकडे स्टेशनमास्तर आणि तिकडे टाचण्या.

जुना लॅपटॉप पंखा जळून मेला. स्टुटगार्टला ट्रक नेणाऱ्या आमच्या मावसभावाने दुसरा आणून दिला, नवा कोरा नव्हे, पण पहिल्यापेक्षा नवा. मिलुतिनने त्यावर लिनक्स चढवलं आणि यंत्र ढिम्म. आवाजच नाही. या नव्या लॅपटॉपमधली आवाजाची चिप म्हणे आपणहून जागी होत नाही. कंपनीने दिलेला प्रोग्रामचा एक छोटासा तुकडा तिला आधी भरवावा लागतो, आणि त्या तुकड्यात काय आहे ते कंपनी कोणाला दाखवत नाही. मिलुतिनने एका डोळस मित्राला घरी बोलावून तो तुकडा बसवून घेतला, प्रत्येक पायरी तोंडपाठ केली, आणि स्टेशनमास्तर पुन्हा बोलायला लागला. खोड एकच राहिली. झाकण मिटलं की यंत्र झोपायचं आणि उघडल्यावर उठायचं नाही. आणि मी तर झाकण मिटणारच. धूळ बसते!

उन्हाळ्यात यागोदाची आई गेली. एकट्या बाईला ठेवायचं कुठे? परदेशात, मारिबोरला राहणारा तिचा भाचा म्हणाला, मी नेतो. नेऊन काय करणार, तर कुठल्याशा संस्थेत ठेवणार. नोव्हेंबरातल्या एका बुधवारी तो गाडी घेऊन येणार असं ठरलं. मिलुतिनने त्याआधी तिला लिहिलं की तू इकडे ये, आमच्या घरी, माझ्याजवळ. मला त्याने हे कधी सांगितलं? लिहून झाल्यावर! कांदा चिरत होते, सुरी तशीच हातात राहिली. म्हटलं, "ती काय म्हणाली?"

"विचार करते म्हणाली. शनिवारी कळवेल. मग माझा शेवटचा शब्द तिला सोमवारपर्यंत मिळायला हवा."

त्या आठवड्यात तो यंत्राजवळून हलेना. आणि त्याला एकच धास्ती, की ऐन वेळी झाकण मिटलं आणि यंत्र उठलंच नाही तर? तेवढ्यासाठी, फक्त झाकणासाठी, तो शनिवारी सकाळी मला म्हणाला, "चल, वाचनालयात. ओस्तोयाचं मंडळ बसतं आज. ते लोक हे दुरुस्त करतात."

ओस्तोया पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. त्याच्या आईला मी चांगली ओळखत होते, स्वच्छ बाई होती बिचारी. हा दाढीत पावाचे कण घेऊन फिरतो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर महिन्याला त्याचं लिनक्स मंडळ भरतं. टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपवर चिकटवलेली चित्रं, मध्ये डुकराच्या चरबीच्या तळलेल्या तुकड्यांचं ताट. ज्या बोटांनी चरबी उचलायची त्याच बोटांनी बटणं दाबायची. एकेका बटणावर असा थर, की नखाने खरवडला असता तर निघाला असता. मी हातमोजे काढलेच नाहीत.

"चिका मिलुतिन! या, या! तेत्का पेर्सा, बसा!" ओस्तोया म्हणाला. चिका म्हणजे काका, तेत्का म्हणजे मावशी, आणि पेर्सा म्हणजे मीच. मी बसले नाही.

"झाकण तेवढं बघ रे," मिलुतिन म्हणाला. "बाकी कशाला हात लावू नकोस. बाकी सगळं चाललंय."

"अहो, तुम्ही निर्धास्त जा. कॉफी पिऊन या. आल्यावर बघा कसं लखलखीत करून देतो."

आम्ही कॉफीला गेलो. मिलुतिनला घुबडं ऐकायची असतात, म्हणून चौकातून नेलं. तो झाडाखाली टोपी घालून मजेत उभा, मी छत्री उघडून. परत आलो तर खोलीत टाळ्या! खरोखरच्या टाळ्या. मंडळींनी लॅपटॉप टेबलाच्या मधोमध मांडलेला, आणि ओस्तोया नव्या बाळाचा बाप बारशाला उभा राहावा तसा उभा.

"चिका मिलुतिन, अभिनंदन! तुमचं यंत्र शुद्ध झालं. पूर्वीचं सगळं पुसून नव्याने चढवलं. तुमची पत्रं, कागद जसेच्या तसे आहेत. पण कंपनीचा बंद तुकडा आता आत एकसुद्धा नाही! आणि हे बघा झाकण." त्याने झाकण मिटलं, उघडलं. पडदा उजळला. पुन्हा टाळ्या.

मिलुतिनने हेडफोन कानाला लावला. बटण दाबलं. दुसरं दाबलं. मग हेडफोन काढून सरळ यंत्राला कान लावला. तो कसा दिसत होता ते मी सांगणार नाही.

"उठलंय ना?" त्याने विचारलं.

"उठलंय की! पडदा झकास दिसतोय."

"बोलत नाहीये."

खोलीत चुळबुळ. कोणीतरी हळूच म्हणालं, वाचनालयात आवाज बंद ठेवायचा नियम आहे, म्हणून आवाज आम्ही तपासला नाही. ऐकलंत? आंधळ्या माणसाचं यंत्र त्या शहाण्यांनी डोळ्यांनी तपासलं होतं!

ओस्तोयाने दाढी खाजवली. "हां, ती आवाजाची चिप. तिला तो बंद तुकडा लागतो. दोष आमचा नाही, चिका, दोष कंपनीचा आहे. मुळात तुम्ही हा लॅपटॉप घ्यायलाच नको होता. आमच्या यादीत बघून घेतला असतात तर... माझ्या यंत्रावर बघा, सगळं चालतं."

"तुकडा परत बसव," मिलुतिन म्हणाला. हळूच म्हणाला. फोनवर साहेबांशी बोलायचा त्या आवाजात.

"तेच तर आम्ही करत नाही. त्या तुकड्याच्या आत काय आहे, कोणाला माहीत आहे? तेत्का, तुम्हीच सांगा, भांड्यात काय शिजलंय ते न बघता तुम्ही जेवाल का?"

"तू खातोयस ते कुठल्या डुकराचं आहे, बघितलंस?" मी म्हटलं. "माझ्या भावाचं यंत्र होतं तसं करून दे. आत्ता. त्याचं महत्त्वाचं पत्र यायचंय आज."

"बाहेरून जोडायचा आवाजाचा डबा मिळतो, त्याला तुकडा लागत नाही. मागवा. दहा-बारा दिवसांत येतो."

"त्याला आज ऐकायचंय, मेल्या!"

तेव्हा ओस्तोयाने जे केलं ते ऐका. तो म्हणाला, मंडळात बंद तुकडा बसवायचा असेल तर नियमाप्रमाणे मत घ्यावं लागतं. आणि वळून म्हणाला, "चिका मिलुतिनसाठी अपवाद करावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

 मिलुतिन मान थोडी तिरकी करून उभा, कुठून काही ऐकू येतंय का बघत. दोन हात वर गेले होते. बाकीचे सात-आठ जण टेबलाकडे बघत होते. कोणी चरबीचा तुकडा तोंडात टाकला, त्याचा कुरकुर आवाज तेवढा आला.

"काय झालं?" मिलुतिनने विचारलं. "सेको, काय झालं?"

आंधळ्या माणसापुढे हात वर करून त्याचं भवितव्य ठरवत होते ते! आणि त्याला निकाल सांगायचीसुद्धा कोणाला हिंमत नव्हती. मला तिथेच ओकारी आली असती. फार सोवळी माणसं तहानलेल्याला लांबून पाणी देतात. पण देतात तरी! या सोवळ्यांनी आधी त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि मग पाण्याच्या शुद्धतेवर भाषण दिलं.

"काही झालं नाही," मी म्हटलं. "चल घरी. इथे घाण आहे."

घरी आल्यावर इंटरनेटची तार जोडली. मिलुतिनने बटणांवर बोटं फिरवली. टाईप तो न बघता, न ऐकता करू शकतो, ते बोटांत आहे. पण तुकडा परत बसवायचा तर यंत्र प्रत्येक पायरीला काहीतरी विचारतं, ते कळायला हवं. पडद्यावर येत होतं ते सगळं इंग्रजी. मी एकेक अक्षर लावून वाचायचा प्रयत्न केला. माझ्या तोंडातून काय बाहेर पडत होतं देव जाणे. शेवटी तो म्हणाला, "राहू दे." तुकडा बसवून देणारा तो मित्र नोवी सादच्या इस्पितळात पडलेला. आमचे दोघांचे फोन बटणांचे, त्यात पत्र येत नाही.

दुपारी पडद्याच्या कोपऱ्यात एक पाकीट उमटलं. बाजूला नाव, यागोदा.

"आलं," मी म्हटलं.

 तो शेगडीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला, पूर्वीच्यासारखा. मी म्हटलं, "वाचू?" म्हणाला, "नको." संध्याकाळी म्हटलं, "वाचू का रे?" म्हणाला, "पेर्सिदा, नको म्हटलं ना." रविवारची सकाळ तशीच गेली. पत्र तिथे समोर उघडायचं बाकी, आणि माझा भाऊ त्याच्याकडे पाठ करून बसलेला. मला सगळं समजत होतं. बाईने त्याला हो म्हटलंय की नाही, हे तो बहिणीच्या तोंडून ऐकणार? आणि तेसुद्धा माझ्या तोंडून?

रविवारी जेवण झाल्यावर तो म्हणाला, "सेको, ये. वाच. पण एका अटीवर. तू वाचायचं नाहीस. स्टेशनमास्तर वाचतो तसं वाचायचं. नाकातून. सपाट. विरामचिन्हांसकट. एक शब्द वरचा नाही, एक शब्द गाळायचा नाही. उसासासुद्धा टाकायचा नाही. जमेल?"

"जमेल."

मी चष्मा पुसला, पत्र उघडलं आणि वाचायला लागले. नाकातून.

"प्रिय मिलुतिन स्वल्पविराम नवी ओळ. मला यायचं आहे पूर्णविराम."

त्याचा हात टेबलावर होता. तो हलला. मी थांबले नाही, स्टेशनमास्तर थांबत नाही.

"पण एक विचारायचं आहे पूर्णविराम. तू मजेत लिहिलं होतंस की तुझी बहीण दुकानातून पाव आणला तरी हात धुते स्वल्पविराम आणि कोणी गालाला गाल लावायला आलं तर हाताने अडवते पूर्णविराम. मी खूप हसले होते पूर्णविराम. आता हसू येत नाही पूर्णविराम. माझ्याशी बोलायचं तर माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढावी लागतात पूर्णविराम. दुसरा मार्ग नाही पूर्णविराम. आई गेल्यापासून माझ्या तळहातावर कोणी काही लिहिलेलं नाही पूर्णविराम. शेजारीण ताट आणते आणि टेबलावर आपटते स्वल्पविराम टेबल हादरलं की मी समजते जेवण आलं पूर्णविराम. माझा हात धरायची वेळ आली तर ती बाहीला धरते पूर्णविराम."

 खाकरायची परवानगी नव्हती. तशीच पुढे गेले.

"ज्या घरात मला शिवायची कोणाला किळस येईल त्या घरात मी येणार नाही पूर्णविराम. त्यापेक्षा मारिबोर बरं पूर्णविराम. तुझ्या बहिणीला विचार आणि खरं काय ते लिही पूर्णविराम. तुझी यागोदा पूर्णविराम."

शेगडीत लाकूड तडकलं. मिलुतिन म्हणाला, "काही गाळलंस?"

"स्टेशनमास्तर गाळतो का कधी?"

"नाही." मग खुर्ची पुढे ओढत, "तिने विचारायला सांगितलंय. म्हणून विचारतो. येईल तुला किळस?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! छे रे, काहीतरीच काय, असं म्हटलं की झालं असतं. पण मी स्वतःला चांगली ओळखते. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "येऊ नये असं वाटतं. पण माहीत नाही."

त्याने मान हलवली. "उत्तराची जागा उघड. उघडली? आता तिकडे तोंड कर. भिंतीकडे."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे त्याची बोटं वाजत होती. पडद्यावर काय उमटतंय ते त्याला ऐकू येत नव्हतं, एखादं अक्षर चुकलं तर सांगणारं कोणी नव्हतं, आणि मला डोळे असून मी भिंतीवरचा डाग बघत होते. मला काय वाटेल ते म्हणा, पण मी वळले नाही. मग तो म्हणाला, "पाठव." मी पडद्याचा वरचा भाग हाताने झाकून पाठवायचं बटण दाबलं.

सोमवारी उत्तर आलं, एकाच ओळीचं. मंगळवारी दुपारच्या बसने येते. मी ते नाकातूनच वाचलं आणि मिलुतिन खुर्चीतून उठून दाढी करायला गेला.

त्याच सोमवारी मी वाचनालयात पुस्तक परत करायला गेले, तर दारावर मंडळाचा कागद. वर आमच्या लॅपटॉपचा फोटो. खाली छापलेलं, आणखी एक यंत्र पूर्णपणे शुद्ध, सर्व काही व्यवस्थित, मालकाची तक्रार नाही. तक्रार करायचं तोंडच तुम्ही बंद केलंत, निर्लज्जांनो, मग तक्रार येणार कुठून? मी कागद फाडला. ओस्तोया आतून बघत होता. म्हणाला, "तेत्का, हे बरं नाही." मी म्हटलं, "तुझी आई असती तर तुला मोरीत उभा करून घासला असता." त्याने मला तत्त्व म्हणजे काय ते समजवायला सुरुवात केली. मी ऐकायला थांबले नाही.

मंगळवारी बसस्टँडवर मी आणि मिलुतिन. बस आली, माणसं उतरली, पण यागोदा दिसेना. ड्रायव्हर म्हणाला, ती बाई? तिला मधल्या थांब्यापासून एकच हट्ट, स्टँडवर पोचल्यावर आधी नळ दाखवा. कंडक्टर मागच्या दाराने घेऊन गेलाय.

मग ती आली. ठेंगणी, तपकिरी कोट, हातात काठी, बाह्या वर केलेल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत ओले. मिलुतिनने पुढे होऊन तिच्या तळहातावर काहीतरी लिहिलं. ती हसली. मग माझ्या दिशेला, जरा चुकीच्या दिशेला, वळून म्हणाली. आवाज मोठा, सपाट, नाकातून. अगदी स्टेशनमास्तरसारखा.

"तुम्ही पेर्सिदा. मिलुतिनने लिहिलंय, तुम्ही म्हणालात माहीत नाही. खरं बोललात म्हणून आले. मी हात धुतलेत. साबणाने. बघा."

आणि तिने तळहात पुढे केला. स्टँडवरची सगळी माणसं बघत होती. नोव्हेंबरचा वारा, आणि तो हात गार पाण्याने लाल झालेला. माझ्यासाठी. मला माझीच इतकी शिसारी आली की काय सांगू. तरीसुद्धा खरं सांगते, मी तो हात दोन बोटांच्या टोकांनीच धरला, ओलं फडकं उचलावं तसा. माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि सोडून दिला. तिला ते कळलं असणारच. बोटांनी जगणारी बाई ती, तिला न कळून कसं चालेल? 

घरी मी तिला पाहुण्यांच्या सपाता दिल्या आणि कॉफी ठेवली. ती कॉफीला शिवलीसुद्धा नाही. म्हणाली, "आधी यंत्र." टाचण्यांची पट्टी पिशवीतून काढून तिने लॅपटॉपला जोडली. टाचण्या वर आल्या. त्या कुठल्याही तुकड्यावाचून चालत होत्या.

मग ते दोघं टेबलाशी शेजारी शेजारी बसले. पायऱ्या मिलुतिनला पाठ होत्या, पण त्याला यंत्राचं ऐकू येत नव्हतं. तिला यंत्राचं कळत होतं, पण पायऱ्या माहीत नव्हत्या. तो तिच्या डाव्या तळहातावर लिहायचा, ती टाईप करायची, मग उजव्या हाताने टाचण्या चाचपून मोठ्याने वाचायची, "विचारतोय, नक्की का?" तो लिहायचा. ती हसायची. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मी पलीकडे भोपळा किसायला घेतला, संध्याकाळच्या पिटासाठी, म्हणजे सारण भरून भाजलेल्या पातळ पोळीसाठी. काहीतरी करायला हवंच होतं हातांना. मनगटापर्यंत भोपळा आणि साखर, चिकट नुसती.

"आता बंद करून सुरू करते," यागोदा म्हणाली.

पडदा काळा झाला. उजळला. काही क्षण काहीच नाही. आणि मग त्या मेल्याचा नाकातला आवाज माझ्या स्वयंपाकघरात घुमला, "स्वागत आहे मिलुतिन पूर्णविराम."

मिलुतिनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. आणि यागोदा आपली समोर तोंड करून, तळहात टेबलावर उताणा ठेवून वाट बघत बसलेली. तिला काय कळणार? तिच्यासाठी खोलीत काहीच झालं नव्हतं.

"बोलला का?" तिने विचारलं.

मिलुतिनचे हात तोंडावरून निघेनात.

"बोलला का तो?" ती आणखी मोठ्याने म्हणाली. "अहो, कोणीतरी सांगा ना मला!"

मी मोरीकडे बघितलं. नळ चार पावलांवर होता. मग तशीच गेले, भोपळ्याने बरबटलेल्या हाताने तिचा हात खालून घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताच्या चिकट बोटाने तिच्या तळहातावर मोठ्ठं लिहिलं, हो.

 तिने तळहात नाकाशी नेला.

"भोपळा," ती म्हणाली, आणि हात न पुसता पुन्हा माझ्यापुढे धरला.